ताईचा गेम टीव्हीवर

शहादा, रविवार संध्याकाळ

आज दुपारभर त्या जुन्या हातातल्या गेमशी झटापट. ताई डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी रनाळ्याहून माझ्याकडे आलीये. साखरेने तिच्या डोळ्यांचा पडदा बिघडवलाय. शाळेत असताना याच गेमवर आम्ही ठोकळे रचायचो, पाळीवरून भांडायचो. आता त्याचा इवलासा स्क्रीन तिला दिसत नाही. म्हटलं, टीव्हीवर लावून बघू.

गेमची वायर पिवळ्या-पांढऱ्या पिनांची, नव्या टीव्हीला तशी जागाच नाही. बसस्टँडजवळच्या दुकानातून मधे जोडायची डबी आणली. चित्र आलं, पण काळंपांढरं. वायर बदलली, तरी काळंपांढरं. काळ्यापांढऱ्यात तिला काय दिसणार? शेवटी गेमच्याच सेटिंगमध्ये चित्राची पद्धत परदेशी, एनटीएससी होती, ती आपल्याकडची पाल केली आणि रंग आले.

ताई म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना भाऊ. आते काय कामनं ते माले?"

तरी गेम तिच्या हातात दिलाच. पहिला डाव लगेच गेला. ती टीव्हीच्या अगदी जवळ सरकली. मग बोटं आपोआप चालायला लागली, ओळी भरायला लागल्या. वायर निसटतेय की काय म्हणून मी उठून टीव्हीपाशी गेलो, तशी ती ओरडलीच, "बाजूले सरक ना! तू आडा उभा शे, माले दिसत नही!"

दिसत नाही, हे इतके महिने ती हळू आवाजात, खाली बघून सांगायची. आज चक्क माझ्यावर खेकसली. मी बाजूला झालो.