खिडकीखालची जागा

४ फेब्रुवारी
मानवजातीवर झालेल्या अन्यायांत एकाची नोंद राहून गेली आहे: भाड्याच्या खोलीत कॉट मधोमध, तिरकी, उशी मोरीकडे. बँकेची बदली मी निमूट सोसली. हे सोसणार नाही. बाकी उणकलमधली ही वरची खोली झकास. तळ्यावरचा वारा येतो, रुजू व्हायचं सोमवारी, तोवर लोळायला मोकळा.

घरमालकीण वत्सलाअक्का खाली एकट्या राहतात. चहाला साखर नव्हती, तर वाटीभर आणून दिली. सासरे अप्पा याच खोलीत वारले, हेही साखरेसोबतच सांगितलं. कॉट हलवू नका अण्णा, म्हणाल्या. मी मान डोलावली आणि त्या जिना उतरताच कॉट खिडकीखाली ओढली. फरशीवर पायांचे चार जुने डाग होते. बरोब्बर बसली.

५ फेब्रुवारी
अक्कांच्या काचेच्या टाकीत बोटाएवढे पट्टेरी मासे आहेत, सिक्लिड. आज नवा आणला. त्याची पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून अक्का टाकीतले दगड इकडचे तिकडे करत होत्या. सौंदर्यदृष्टी असेल म्हणून विचारलं. अय्यो, म्हणाल्या, जुना मासा आपल्या जागेत दुसऱ्याला जगू देत नाही. दगड हलवले की त्याला जागाच ओळखू येत नाही. आणि नवा एकटा टाकू नये, दोन टाकले की मार वाटला जातो. यांना एकच मिळाला होता.

माझी बायको सुनिता कधी येते, तेही विचारलं. रविवारी, म्हटलं. त्यांना झालेला आनंद सुनितालाही झाला नव्हता. सुनितासाठी पेढे आणले. एक वाटेतच खाल्ला.

६ फेब्रुवारी
भर दुपारी कॉटवर पडलो असता टाचेचा लचका तुटला. उंदीर म्हणावं तर दातांची ओळ माणसाच्या जबड्याएवढी. मलम मागायला खाली गेलो. नव्या माशाची शेपूट कुरतडलेली. फिल्टरमागे, वरच्या कोपऱ्यात उभा. अक्का म्हणाल्या, आधी शेपूट, मग डोळे. मलम दिलं. कॉट कुठे आहे, विचारलं. खरं सांगितलं.

७ फेब्रुवारी
कॉट परत तिरकी करू गेलो. कॉट उचलली गेली, माझ्या हातावर आपटली. तीन बोटं—. मग दुसरी टाच, शीर तुटेपर्यंत. दाराकडे सरपटलो की न दिसणारा तो केसांना धरून भिंतीवर आपटतो. मोरीच्या कोपऱ्यात बसलो की थांबतो. फिल्टरमागचा मासा मी.

अक्का दाराबाहेरून बोलल्या. अप्पांनी जागा ओळखली, आता दगड हलवून उपयोग नाही, म्हणाल्या. रडत होत्या. तुम्ही वर आहात तोवर अप्पा खाली येत नाहीत, म्हणाल्या. सुनिताला येऊ द्या, तेवढाच मार वाटला जाईल.

सुनिताला फोन केला. येऊ नको, घर पसंत नाही, म्हटलं. ती म्हणाली, जायच्या आधी डोळे नव्हते का. मदत मागितली असती तर धावत आली असती. नाही मागितली. फोन मोरीतल्या बादलीत बुडवला.

८ फेब्रुवारी
डावा डोळा गेला. ओळ वाकडी जाते—

आज रविवार. जिन्यावर कुणी नाही. बरं.

जखमा धुवायला अक्कांचीच वाटी होती. स्वच्छ विसळली. रिकामी कशी परत द्यायची. खिशात एक पेढा निघाला, चेपलेला. तो ठेवला, वाटी दाराच्या फटीकडे सरकव—