एक्केचाळिसावा प्रश्न

सोमवार, ५ जानेवारी
आले एकदाची! खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकी रस्त्याकडे, नळाला चक्क गरम पाणी. पोचल्याचं कळवायला फोन हातात घेतला आणि कुणाला कळवायचं तेच सुचेना. स्वतःशीच हसले.

मानसशास्त्र विभागात प्रमुख बाई भेटल्या. काम सोपं आहे. एकट्या राहणाऱ्या साठ माणसांच्या घरी जायचं, चाळीस प्रश्न विचारायचे, महिन्याने पुन्हा जाऊन तेच विचारायचे. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज जितकी जास्त, तितका एकटेपणा जास्त. बाईंनी बजावलं, प्रश्न छापलाय तस्सा वाचायचा, पदरचं काही घालायचं नाही. माझ्याआधीची मुलगी काम अर्धवट टाकून गेली म्हणे.

शुक्रवार, ९ जानेवारी
आज निवृत्त पोस्टमास्तरांकडे गेले. 'गेल्या आठवड्यात तुमच्याशी कुणी पाच मिनिटांहून जास्त बोललं का?' या प्रश्नावर त्यांनी चष्मा पुसायला घेतला, तो पुसतच राहिले. मग म्हणाले, दाताचे डॉक्टर बोलले, पण तेव्हा माझं तोंड उघडं होतं. दोघंही खूप हसलो. एकशे साठपैकी एकशे बावन्न गुण. आतापर्यंतचे सर्वांत जास्त. मला सोडायला जिन्यापर्यंत आले आणि विचारलं, ताई, पुन्हा कधी?

खोलीवर आल्यावर तीच प्रश्नावली मी माझ्यासाठी भरून पाहिली. बेरीज केली नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी
दुसरी फेरी सुरू झाली. पोस्टमास्तरांची गालफडं बसलीत, हात काटकुळे झालेत, पण स्वारी खुशीत. गुण शून्य. दोनदा बेरीज केली, तरी शून्यच.

टेबलावर दोन कप होते. म्हणाले, तुमची ती दुसरी ताई रोज दुपारी येते ना! तिचे प्रश्न एक्केचाळीस असतात. शेवटचा तुमच्या कागदात नाही: मी इथंच राहिले तर चालेल का?

"मी हो म्हणालो," ते म्हणाले. "नाही कशाला म्हणू?" बोलत होते माझ्याशी, बघत होते रिकाम्या खुर्चीकडे.

आमच्याकडे दुसरी कुणी नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी
निवृत्त नर्सबाई: शून्य. घड्याळं दुरुस्त करणारे काका: शून्य. दोघंही वाळून काडी झालेत. दोघांकडेही दोन-दोन कप. प्रमुख बाई आकडे पाहून हरखल्या. नुसत्या विचारपुशीने एवढा फरक पडतो, म्हणाल्या.

बुधवार, ११ फेब्रुवारी
पोस्टमास्तर गेले. शेजाऱ्यांनी दार तोडलं, तेव्हा खुर्चीत बसलेले होते. समोरची खुर्ची जवळ ओढलेली.

प्रमुख बाईंकडे आधीच्या मुलीचा पत्ता मागितला. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, ती काम सोडून गेली नाही. डिसेंबरात तिच्या खोलीत वारली. आठव्या दिवशी कळलं. तोवर कुणी चौकशीच केली नव्हती.

शनिवार, १४ फेब्रुवारी
नर्सबाई. आणि काका. एकाच दिवशी. प्रमुख बाई म्हणतात, वय झालेली माणसं. मी यापुढे कुणाकडे जाणार नाही, सांगून टाकलं. फोन ठेवल्यावर वाटलं, आता बोलायचं कुणाशी?

गुरुवार, १९ फेब्रुवारी
पाच दिवस तोंडातून शब्द नाही. आज दुपारी दार वाजलं. बाहेरून बाईचा आवाज — थोडा वेळ आहे का ताई, म्हणाली. इतकं मायेने — उघडलं नाही. कान लावून उभी राहिले. ती गेल्यावर रडू आलं. भीतीने नव्हे.

शुक्रवार, २० फेब्रुवारी
पुन्हा आली. उघडलं.

माझ्याच वयाची आहे. समोर बसलीय. विचारते, मी सांगते. मध्ये लिहू देते, घाई नाही म्हणते. कधीपासून कुणी इतकं ऐकून —

अडतीस.

नाही म्हणायचं. एवढंच. नाही.

चाळीस झाले. तिने फाइल मिटली. खुर्ची जवळ ओढतेय — विचारलं — मी नाहीच म्हणणार होते, पण तोंडातून