नारळाच्या खोलीचं चित्र

मुरुड,
९ नोव्हेंबर १९५८

प्रिय श्यामला,

माझं अक्षर पाहून पत्र चुलीत घालावंसं वाटेल तुला. घाल, पण वाचून घाल. तुझ्या दादांचं पत्र आणि सोबतचा फारकतीचा कागद पोचला. तुझं आणि विशूचं लग्न कायद्याने मोडून दोघं मोकळे व्हा, असं ते लिहितात. त्यांचं काही चुकलं नाही. पेणच्या शाळेत शिकवत भावाच्या घरी तू किती वर्षं काढायची? पण त्याआधी विशूची हकिगत तुला कळायला हवी, आणि ती सांगणारी मीच आहे.

विशूचं डोकं आता ठिकाणावर आलंय, तो खूपच बरा आहे. पानावर बसून जेवतो, रात्री झोपतो, वाडीतल्या सुपाऱ्या स्वतः उतरवून घेतो. परवा आमटी आळणी झाली म्हणून माझ्यावर खेकसला, तर मला आनंदाने रडू आलं. याचं श्रेय कोळीवाड्यातल्या गुणाजी मास्तरांना. शाळेत ड्रॉइंग शिकवतात. लढाईच्या दिवसांत ते फौजेच्या इस्पितळात कामाला होते, तिथे बॉम्बच्या धसक्याने वाचा गेलेल्या शिपायांना डॉक्टर रंग-कागद देत, ते त्यांनी पाहिलेलं. आता दर रविवारी त्यांच्या ओटीवर चारपाच मोठी माणसं चित्रं काढत बसतात. मुलगा समुद्रात गेल्यापासून गप्प झालेली कृष्णाबाईसुद्धा येते. मी आधी नाकं मुरडली. घोड्याएवढी माणसं बिगरीत बसवायची म्हणजे काय! पण भगत झाले, अंगारे-धुपारे झाले, मग हेही करून पाहू म्हटलं.

तीन महिने विशूने नुसते कागद काळे केले. एकदा मी न राहवून विचारलं, हे काय आहे रे? तर मास्तरांनी मलाच दटावलं, “ताई, काय काढलंय ते इचारायचं न्हाय. हात चालतोय, तेवढं बस हाय.” शाळेत शुद्ध बोलणारा माणूस, चिडला की कोळीवाडा बाहेर येतो. मग हळूहळू काळ्यात तपकिरी आलं, हिरवं आलं. विशू घरी येऊन मला रंग कसे मिसळायचे ते सांगू लागला. दोन वर्षांत माझ्याशी बोललेलं पहिलं लांब वाक्य ते.

गेल्या रविवारी त्याने एक चित्र आणून माझ्यासमोर ठेवलं. अंधारी खोली, कोपऱ्यात नारळांचा ढीग, बंद दार. दाराच्या फटीतून दिसणारं अंगण, आणि त्या अंगणातून पाठमोरी निघालेली जांभळ्या लुगड्यातली बाई. ते तुझं लुगडं मी ओळखलं. त्यालाही ठाऊक होतं मी ओळखणार ते. चित्र ठेवून हातपाय धुवायला गेला.

आता सांगते. तू त्या चैत्रात त्याला भेटायला आलीस, तेव्हा मी अंगणातच तुला म्हटलं, त्याने स्वतःला कोंडून घेतलंय, तुझं तोंड बघायचं नाही म्हणतो. खोटं होतं ते. त्या नारळाच्या खोलीची कडी मी बाहेरून घातली होती. भगताने सांगितलं होतं, तीन अमावास्या बायकोची सावली पडू देऊ नका. त्यावर माझा विश्वास बसला, आणि खरं सांगायचं तर सगळा दोष तुझ्या पायगुणावर टाकणं मला सोयीचंही वाटलं. तू पाणीसुद्धा न पिता परत फिरलीस. आणि तो फटीतून बघत होता. त्याला वाटलं, वेड्याला एकदा पाहायलाही नको म्हणून तू निघून गेलीस. तुला वाटलं, त्याने दार उघडलं नाही. दोघांच्या मधे मी उभी होते, श्यामला.

काल रात्री हे सगळं मी त्याला सांगितलं. तो रागावला, रडला, आणि आज सकाळपासून माझ्याशी बोललेला नाही. न बोलो, ते माझे भोग आहेत. पण तुझ्या दादांनी पाठवलेल्या कागदावर त्याने आधीच, बुधवारी, सही केली होती. तुला अडकवून ठेवू नये म्हणून. ती सही तो मागे घेत नाही. रात्रीच म्हणाला, तिला खरं कळू दे, मग तिचं ती ठरवेल. म्हणून हे लिहिलं. सहीचा कागद याच पाकिटात आहे. तुझ्या वाटणीचं काही मी आता माझ्याकडे ठेवणार नाही.

तुझीच म्हणवायची हिंमत नसलेली,
तुझी वन्सं
अनुसूया