मुरमाच्या ढिगावरची टिटवी आणि सिस्टर बर्नाडेट

औरंगाबाद,
ऑगस्ट १९९१, रविवारची दुपार

प्रिय साहेबराव,

तुला, कडूबाईला आणि मुलांना माझा जय भीम. तुझी कंबर आता कशी आहे? वाळूजच्या शिफ्टच्या बसनं ती गेली आहे हे मी तुला आधीच सांगितलं होतं. डॉक्टरला दाखव. कडूबाईच्या माहेरच्या तेलावर विसंबू नकोस (त्या तेलानं सायकलची चेन छान चालते, एवढाच त्याचा मला आलेला अनुभव). माझी तब्येत उत्तम आहे. गुडघे दुखतात, झोप लागत नाही आणि गेले आठ दिवस कॉलनीत कोणाच्या नजरेला नजर देता येत नाही. बाकी उत्तम.

नजर का देता येत नाही ते सविस्तर लिहिते. तू विद्यापीठाच्या नामांतरासाठी हर्सूलच्या जेलमध्ये राहून आलेला माणूस आहेस, तुला आंदोलनातलं कळतं. तरी मध्येच हसू नकोस.

आमची कॉलनी पैठण रोडपासून आत, चितेगावच्या अंगाला, माळाला टेकून आहे हे तू पाहिलंच आहेस. इथल्या बहुतेक घरांतला कर्ता माणूस कारखान्यात आहे, आणि कंपनीची बस आत येत नाही, कारण आत रस्ता नाही. माणसं चिखल तुडवत, चपला हातात घेऊन घरी येतात. शेवटी या वर्षी रस्ता मंजूर झाला. सांडू नावाच्या ठेकेदारानं मुरमाचे ढीग आणून टाकले आणि ठेकेदारांच्या रीतीप्रमाणे तो दिसेनासा झाला. तो नाहीसा झालेला पाहून माझ्या फाटकासमोरच्या ढिगावर टिटवीनं अंडी घातली. घरटं म्हणावं असं काही नव्हतं, दोन-चार खडे बाजूला सारले आणि झालं घर (आमच्या हाउसिंग सोसायटीनं बांधलेलं घरही फारसं वेगळं नाही). अंडी इतकी मुरमाच्या रंगाची, की मी चष्मा लावून समोर उभी राहिले तरी दिसेनात. टिटवी डोक्यावर आरडाओरड करायला लागली तेव्हा कळलं की मी त्यांच्यावर पाय देणार होते.

आणि मग सांडू रोलर घेऊन उगवला. मी खुर्ची आणून ढिगासमोर टाकली आणि बसले. तो म्हणाला, "पाखरापायी रस्ता अडवता व्हय बाई?" मी म्हटलं, पावणेतीन महिने तू अडवलास तेव्हा तुझ्या अंगावर एक पीसही नव्हतं. तो गेला, पण शेजारची केसरबाई आली, आणि तिचं बोलणं मला लागलं. ती म्हणाली, "बाई, तुमची पेन्शन बसल्या जागी येती. आमच्या मालकाला रोज गुडघाभर गाळातून यावं लागतंय. टिटवीला पाय हायेत, त्यांना नायत का?" याला मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी भाषण केलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी लोकांना जन्मभर थांबवूनच ठेवलं, त्यामुळे थांबायला सांगणं मला जमतं. म्हटलं, हा माळ आधी या पाखरांचा होता. आपण आलो, कारखाने आले, बंगले आले. चंडोल गेले, लाव्हे गेले. ही एक जोडी अजून हटून बसली आहे. एका नावासाठी आपली माणसं इतकी वर्षं थांबली आहेत, आपण दीड महिना थांबू शकत नाही?

साहेबराव, लोक ऐकत राहिले. आणि केसरबाईच स्टोव्ह घेऊन आली आणि ढिगाशेजारी चहा ठेवला. पिल्लं उडेपर्यंत रस्ता नाही, असं ठरलं. सांडूला परत पाठवला. थकून आलेली माणसं चिखलातून ढिगाला वळसा घालून जायची आणि जाता जाता विचारायची, "काय बाई, बसलीय का अजून?" इतका मान मला नोकरीतही मिळाला नव्हता.

आता सिस्टर बर्नाडेट. माझी मांजर तुला माहीत आहे. अंगानं काळी, कपाळाभोवती आणि गळ्याखाली पांढरी पट्टी, आणि काहीही न करता आपण काहीतरी केलं आहे असं वाटायला लावणारी नजर. बाबा कॉन्व्हेंटच्या बागेत माळी होते म्हणून मला त्या शाळेत घेतलं, आणि तिथं ज्या सिस्टरनी माझ्या बोटांवर पट्टी मारून स्पेलिंग शिकवलं, त्यांचंच नाव मी तिला दिलं. (केसरबाईचं म्हणणं, नाव बदला, देवाच्या बाईचं नाव मांजरीला शोभत नाही. मी म्हटलं, या शहरात नाव बदलायला किती वर्षं लागतात ते बघते आहेस ना.) अंडी होती तोवर मी तिला घरात कोंडून ठेवली. तिनं दाराचा रंग खरवडला, गादीवर राग काढला, आणि असा काही गळा काढला की कॉलनीला वाटलं मीच रडते आहे. माळावर शेळ्या राखणारी बानाबाई येता-जाता बसायची. ती म्हणाली, "मुक्ताबाई, घुंगरू बांधा की तिच्या गळ्यात. पाखराला आवाज जाईल, पाखरू सावध होईल." मला हे फार पटलं. मांजरीला मोकळीक, पाखराला सूचना, कोणावरच अन्याय नाही. बानाबाईनं आपल्या करडाच्या गळ्यातलंच घुंगरू सोडून दिलं आणि मी ते सिस्टरला बांधलं. त्याच आठवड्यात पिल्लं बाहेर पडली होती आणि ढिगाच्या आसपास कापसाच्या गोळ्यांसारखी पळत होती.

आता पुढचं लिहिते. ही टिटवी जन्मल्यापासून बानाबाईच्या शेळ्यांमध्ये वावरलेली. माणूस आला की ती ओरडते, कुत्रं आलं की ओरडते, आणि तिचं ओरडणं ऐकून पिल्लं जमिनीला चिकटून दगड होतात. पण घुंगरू वाजलं की ती मान वर करत नाही. घुंगरू म्हणजे शेळी, आणि शेळी म्हणजे शेजारीण. हे मला कळलं नाही, बानाबाईलाही कळलं नाही. सिस्टर संध्याकाळच्या वेळी गवतातून छुम छुम करत गेली, आणि टिटवी शांतपणे चरत राहिली.

सिस्टर पिल्लू तोंडात धरून, घुंगरू वाजवत, कॉलनीच्या मधोमध चालत आली. तोपर्यंत आवाजामुळे सगळे ओट्यावर आले होते. तिनं ते माझ्या पायाशी ठेवलं आणि वर पाहिलं. साहेबराव, ते तिनं खाल्लं नाही. माझ्यासाठी आणलं होतं. घुंगरू मी लगेच काढलं, पण ढिगाभोवती पाहिलं तर एकच पिल्लू उरलं होतं, बाकीची आधीच गेली असणार. टिटवी ओरडायला लागली ती मग.

केसरबाई म्हणाली, "आता मांजरीवर मोर्चा काढायचा का बाई?" कोणी हसलं नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं. सांडूला वास लागला आणि तो दुसऱ्या दिवशी हजर, "चालू करू का रोलर?" मी काय म्हणणार होते? पण केसरबाईच पुढं झाली. म्हणाली, "एक हाय अजून. ते उडंस्तोवर रस्ता नाय." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पण मांजर बी नाय."

मी सगळ्यांसमोर हो म्हटलं. पहिल्यांदाच. ती बरोबर आहे. तिचा नवरा अजून चिखलातून येतो आहे, आणि माझी मांजर गादीवर झोपते आहे. सिस्टरनं मांजरीचंच काम केलं. दोघांनाही जपायचं म्हणून मी मधला मार्ग काढला, आणि माझा तो मधला मार्ग थेट त्या पिल्लांपर्यंत गेला. आता मी तिला दार लावून मांडीवर घेऊन बसते. ती खिडकीतून बाहेर बघते, मी तिच्याकडं बघते, बाहेर टिटवी एका पिल्लासाठी ओरडत असते.

असो. कंबर जप. मुलांना आशीर्वाद.

तुझी बहीण,
मुक्ता

ता. क. कडूबाईला मांजरं आवडत नाहीत हे मला ठाऊक आहे. मलाही कडूबाई एकदम आवडली नव्हती. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता आणि तिथं फक्त पारवे येतात, त्यांच्यासाठी अजून कोणी खुर्ची टाकून बसलेलं नाही. म्हणून सिस्टरला या पत्राबरोबर टोपलीत घालून तुझ्याकडं पाठवते आहे. नेहमीसाठी. एकदा सोडलेलं मांजर परत माळावर आणायचं नाही, असं मी सगळ्यांसमोर कबूल केलं आहे.

ता. क. दुसरी. तिला दुधात कुस्करलेली भाकरी लागते, पोळी नको. पोळीकडं ती अशी बघते की आपल्यालाच शाळेत परत गेल्यासारखं वाटतं. टोपली दार लावून मगच उघड.

ता. क. तिसरी. टोपली टेम्पोत चढवायची म्हणून दोघा-तिघांना धरायला बोलावून ठेवलं होतं. कोणाची गरज पडली नाही. झाकण उघडल्याबरोबर ती आपणहून आत जाऊन बसली, तिला वाटलं आम्ही दोघी कुठंतरी निघालो आहोत. म्हणून एक सांगते. ती तिथं मजेत आहे असं मला कळवू नकोस. ती जेवत नाही असंही कळवू नकोस. पोचली, एवढंच कळव.