भाडेकरू होऊन पाहिलं

अहो,

मी आणि आई सकाळच्या बसनं राजूरला गेलोत. जालन्याच्या त्या फ्लॅटचा इसार आज देऊ नका. एजंटला कितीबी जल्दी करू द्या.

काल ताईकडं जाते म्हणून निघाले, पण ताईकडं गेलेच न्हाई. तुमच्या त्या बिल्डिंगीतच गेल्ते. एजंटला म्हणलं, "भाड्यानं घर पाहिजे." तुम्हाला तो सांगत होता, भाडेकरू रांग लावून राह्यलेत. मला म्हणला, "ताई, पाहिजे ते घ्या, अख्खा मजला रिकामा आहे." हसू दाबत कशीबशी खाली आले.

मंग येताना राजूरला उतरून तसंच विचारलं. गल्ली-गल्ली फिरले, एक खोली मिळंना. दवाखान्यातली नर्स भोकरदनहून रोज येणं-जाणं करती. ती उलटं मलाच म्हणली, "तुम्हाला मिळाली तर मलाबी सांगा." शाळेमागं दोन खोल्या आहेत, पण मालकाला त्या भाड्यानं द्यायच्या न्हाईत, विकायच्यात, हेबी तिनंच सांगितलं. आईला त्याच दाखवायला नेलंय.

परवा पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणले, "हिला व्यवहारातलं काय कळतंय," त्याच्यावर मी काही बोलत न्हाई. दुपारच्या बसनं या. तुम्ही पाहिल्याशिवाय मी मालकाला हो म्हणणार न्हाई.

अन् रागवायचं असंल तर वांग्याची भाजी-भाकरी खाऊन या. उपाशीपोटी तुम्हाला धड रागावताबी येत न्हाई.

अक्षता