एक आमेन रद्द करण्याबाबत

मी, खाली सही करणारी, धंद्याने कुलूपवाली, नात्याने एका मुलाची आई, एका सुनेची सासू आणि एका धाकट्या भावाची थोरली बहीण, हे मृत्युपत्र माझ्या दुकानाच्या काउंटरवर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचा कायद्याशी संबंध नाही. आपल्यावर कोणाचाही दबाव नाही असे इथे लिहायची पद्धत आहे. माझ्यावर दबाव भरपूर आहे. मी त्याला न जुमानता लिहीत आहे.

१. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखा कागद नाही. मात्र गेल्या महिन्यात, बुधवारच्या प्रार्थनासभेत, माझ्याच घराच्या पुढच्या खोलीत मी एक आमेन म्हणाले. तो आमेन मी या कलमाने रद्द करते.

हे कसे घडले ते लिहिणे भाग आहे, नाहीतर मी गेल्यावर ते दुसरे कोणीतरी सांगेल. बुधवारी आमची ख्रिस्ती मंडळी डोळे मिटून बसते, ज्याला वाटेल तो मोठ्याने प्रार्थना करतो आणि शेवटी सगळे आमेन म्हणतात. माझ्या भावाला मंडळीत प्रार्थनावीर म्हणतात. त्याची रीत अशी की जे शेजारी बसलेल्या माणसाला सांगायचे ते तो देवाला सांगतो. "ताई, तू तापट आहेस," असे तो मला आयुष्यात कधी म्हणालेला नाही. "हे प्रभू, ताईचा राग तू शांत कर," हे मात्र मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. डोळे मिटलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही, हे त्याने फार लवकर ओळखले.

त्या दिवशी त्याची प्रार्थना लांबली. आजारी झाले, प्रवासी झाले, परीक्षेला बसलेली मुले झाली. माझे लक्ष उडाले. काउंटरवर एका कपाटाचे कुलूप मी उघडे टाकून आले होते आणि त्याची स्प्रिंग कुठे घरंगळली याची मला काळजी होती. तेवढ्यात तो म्हणाला, "आणि प्रभू, ही वास्तू, जी ताई तुझ्या कार्यासाठी आनंदाने अर्पण करत आहे, तिच्यावर तुझा हात असू दे." सगळे म्हणाले, आमेन. मीही म्हणाले. जिभेला सवय असते.

रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत माझ्या अर्पणाबद्दल सर्वांसमोर देवाचे आभार मानले. लोक येऊन माझा हात दाबू लागले आणि मला वाटले कोणी वारले की काय. सोमवारी एक सुतार दुकानात येऊन माझ्या किल्ल्यांच्या मशीनभोवती टेप लावू लागला.

"काय मोजताय?"

"व्यासपीठ इथे येणार ना? तुमच्या भावानंच सांगितलंय. मागच्या बाजूला मंडळीच्या सेवकाची खोली."

मी भावाला फोन करून बोलावून घेतले. तो शांतपणे स्टुलावर बसला.

"ताई, तू सगळ्यांसमोर आमेन म्हणालीस."

"माझं लक्ष नव्हतं."

"तुझं नव्हतं. देवाचं होतं ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि आजही ती खाली उतरलेली नाही. आमेन म्हणजे खरेदीखत नव्हे. झोपेत माणसाचा अंगठा कागदावर उठवावा तसा माझा आमेन उठवला गेला. आणि तोही देवाचे नाव पुढे करून, हे मला जास्त लागले.

२. राहते घर, पुढचे दुकान, किल्ल्यांची मशीन, कानशी, पकडी आणि दारावरची पाटी हे सर्व माझ्या सुनेचे. पाटीवर 'आणि मुलगा' असे लिहिले आहे, ते तसेच राहील. माझा मुलगा गेला, पण ती गेली नाही. हा धंदा ती माझ्या हाताखाली शिकली. कोऱ्या किल्लीला काजळी धरायची, ती कुलपात घालून हलकेच फिरवायची, बाहेर काढायची आणि जिथे काजळी पुसली गेली असेल तिथेच कानस चालवायची. आपल्याला वाटेल तिथे नाही. पहिल्या महिन्यात तिने कितीतरी किल्ल्या वाटेल तिथे घासून वाया घालवल्या. आता गाड्यांची कुलपे ती माझ्यापेक्षा बरी उघडते.

हे घर गेले तर तिला डोक्यावर छप्पर नाही आणि हातात काम नाही. भावाला यावर विचारले तेव्हा तो म्हणाला, तिने माहेरी जावे असे त्याला प्रार्थनेत स्पष्ट दिसले आहे. तिच्या माहेरी आता कोणीही उरलेले नाही. एवढे तरी देवाला ठाऊक असायला हवे.

त्याला स्पष्ट दिसण्याची ही पहिली वेळ नाही. माझा मुलगा इस्पितळात होता तेव्हा भावाने पलंगाशी उभे राहून सांगितले, "मला उत्तर मिळालंय. हा उठणार." सुनेने त्यावर विश्वास ठेवून त्याचे घरचे कपडे इस्त्री करून आणले. तेच कपडे त्याला शेवटी घालावे लागले. त्यानंतर भावाने काय सांगावे? घरातल्या कोणाचा तरी विश्वास कमी पडला. 'कोणाचा तरी' म्हणताना तो तिच्याकडे बघत होता. मी त्या वेळी त्याला दाराबाहेर काढले नाही, ते फक्त प्रेत घरात होते म्हणून.

प्रार्थना मीही करत होते. मला उत्तर मिळाले नाही. देव गप्प राहिला आणि मीही त्याच्याशेजारी गप्प बसले. न आलेले उत्तर आले असे सांगायची हिंमत मला कधी झाली नाही.

३. बँकेतली शिल्लक सुनेची. माझ्या दफनाचा खर्च त्यातूनच व्हावा. पेटी साधी असावी आणि तिला शोभेचे कुलूप लावू नये. त्या वेळी माझ्या भावाने मोठ्याने प्रार्थना करू नये. मला उलट उत्तर देता येणार नाही.

४. मंडळीला पुढच्या खोलीतले दोन बाक. बुधवारची सभा सुनेची मर्जी असेपर्यंत तिथेच भरावी. अर्पणपेटीचे कुलूप अडते, हे मी अनेकदा सांगितले आहे. तिने ते फुकट दुरुस्त करून द्यावे, पण त्यांनी आधी येऊन विचारावे.

५. माझ्या धाकट्या भावाला काहीही नाही.

हे कलम मी सर्वांत आधी लिहिले होते आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. मग रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ते देवासमोर ठेवले. मला मार्गदर्शन नको होते, फक्त मान्यता हवी होती. म्हटले, प्रभू, तुझे नाव घेऊन त्याने माझे दुकान लाटायचे ठरवले, आता तूच काय ते बघ.

पण कलम वाचताना दर वेळी एकाच जागी घासायचे. 'सेवकाची खोली' हे सुताराचे शब्द मनात यायचे. मला ते ऐकायचे नव्हते, म्हणून मी दुसरे काहीतरी मागू लागे. शेवटी सुनेला म्हणाले, "सेवक कोण होता गं तो, त्या खोलीत राहणारा?"

ती कानस खाली ठेवून म्हणाली, "आई, मामाच की. त्यांच्या घरमालकानं घर विकायला काढलंय. खोली सोडायला सांगितलीय त्यांना. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत नव्हते. बायको गेल्यापासून तो त्या एका खोलीत एकटा राहतो. "ताई, मला राहायला जागा नाही," एवढे पाच शब्द त्याला माझ्यापुढे बोलता आले नाहीत. त्यासाठी त्याला देव, मंडळी, पाळकसाहेब आणि एक सुतार मध्ये घालावे लागले. मला याचाही संतापच आला. मी त्याला लहानपणी कडेवर घेऊन फिरवले आहे. माझ्याकडे मागायची त्याला एवढी लाज का वाटावी?

तरी देवासमोर बसले की मिळणारे उत्तर बदलले नाही: त्याला खोली दे. त्याला मिळणारे उत्तर नेहमी त्याच्या आवडीचे असते. मला मिळालेले माझ्या जरासुद्धा आवडीचे नव्हते. म्हणूनच ते माझ्या डोक्यातून निघालेले नाही, अशी माझी खात्री झाली. मी ते स्वीकारते. हसतमुखाने स्वीकारते असे कोणी सांगू नये.

सबब वरील कलम पाच खोडून त्याऐवजी असे वाचावे: मागची खोली माझ्या धाकट्या भावाने तहहयात वापरावी, माझ्या मरणाची वाट न बघता याच आठवड्यापासून. मागच्या दाराची किल्ली मी स्वतः घासून तयार ठेवली आहे. घर सुनेचेच राहील. 'विश्वास कमी पडला' या बोलण्याबद्दल त्याने किल्ली घेण्याआधी तिची माफी मागावी, तिच्याकडे बघून, डोळे उघडे ठेवून. पुढे कधी दुकानाबद्दल देवाने त्याला काही सांगितलेच, तर त्याने ते आधी सुनेला सांगावे. तिलाही प्रार्थना करता येते.

६. या मृत्युपत्राची व्यवस्था शेजारच्या शिंप्यांनी पाहावी. ते मंडळीतले नाहीत, आणि त्यांना कोणाच्याही घराबद्दल काही दिसत नाही.

ठिकाण: दुकानाचा काउंटर. दिवस: वर्षातल्या पहिल्या महिन्याचा शेवटचा शनिवार, दुकान बंद केल्यावर.

सही: कुलूपवाली.

साक्षीदार पहिले: शेजारचे शिंपी. सगळे वाचून सही केली.

साक्षीदार दुसरे: आमच्या मंडळीचे पाळक. यांना मी मुद्दाम बोलावले. कलम एक वाचताना त्यांनी चष्मा पुसला, उद्याच्या उपासनेत खुलासा करण्याचे कबूल केले आणि मगच सही केली.

सह्या झाल्यावर शिंप्यांनी सर्व कागद पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. या वेळी मी प्रत्येक शब्द ऐकला. भाऊ दारात उभा होता, सून त्याच्यासमोर होती आणि किल्ली अजून माझ्या हातात होती.

आमेन.