मानाची मुंडी

९ एप्रिल, गुरु.

सचिनची फर्स्ट शिफ्ट. डब्यासाठी 'झटपट भाजी' शोधली. व्हिडिओतली बाई फक्त दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं म्हणत कांदाच परतत बसली. फोन भिंतीवर आपटावासा वाटला. शेवटी पिठलं. "परत पिठलं?" म्हणे. म्हटलं, अंबडला कंपनीत कॅन्टीन आहे ना, तिथे जेव.

रविवारी आमच्या शौर्यचं जावळ. वणीच्या अलीकडे मळ्यात, म्हसोबाला बोकड. रस्सा माझ्या गळ्यात. माहेरी आम्ही चिकनच्या पुढे गेलो नाही. सासूबाईंना विचारलं तर, "त्यात काय शिकायचं?" झालं शिक्षण.

११ एप्रिल, शनि.

सुनीताताईला फोन केला. सचिनच्या चुलतभावाची, किरणभाऊंची बायको. नात्याने मोठी जाऊ, पण या खानदानात माझ्याशी माणसासारखं बोलणारी ती एकटीच. लगेच व्हिडिओची लिंक पाठवली. बोकडाचं मटण, मुंडीसकट, कुकरमध्ये, सोप्पं. वर म्हणाली, "मुंडी येगळी काढत बसू नको. त्यातच टाक. रस्सा लय भारी व्हतो."

पुन्हा पुन्हा पाहिला. जमेल.

१३ एप्रिल, सोम.

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज लिहिते.

रस्सा झाला. सगळे वा वा. मग सचिनच्या कंपनीतल्या मित्राच्या ताटात जबड्याचं हाड निघालं, दातांसकट. मोठे आण्णा, म्हणजे सचिनचे चुलते, किरणभाऊंचे वडील, पंगतीतून उठले. "मुंडी कुठंय?"

मला कुणी, कधी सांगितलं होतं? बोकडाची मुंडी थोरल्या घराचा मान. अख्खी, कच्ची, ताटात घालून आण्णांपुढे ठेवायची. मग ती त्यांच्या घरी शिजते. मी ती फोडून कुकरला लावली होती.

आण्णा म्हणाले, "आमचा मान शिजवून कंपनीवाल्यांना वाढला!" सचिन म्हणाला, "एका मुंडीसाठी तमाशा नको." मग किरणभाऊंनी विहिरीच्या पाइपलाइनचं जुनं भांडण काढलं, सचिनने त्यांच्या आईवरून काढलं. पातेली उलटली. सचिनने चुलीतलं जळतं लाकूड उचलून किरणभाऊंच्या खांद्यावर हाणलं. किरणभाऊंच्या हाताला सत्तूर लागला, ज्याने बोकड तोडलं तोच.

सचिनच्या उजव्या हाताची दोन बोटं. एक रश्श्याच्या चिखलात सापडलं. बर्फात घालून नाशिकला नेलं, पण उशीर झाला होता. दुसरं सापडलंच नाही. शौर्यचं ताजं मुंडण केलेलं डोकं बापाच्या रक्ताने माखलं होतं आणि तो हसत होता, त्याला वाटलं आपल्याला कुंकू लावतायत.

किरणभाऊंना पोलिसांनी नेलं. सासूबाई दवाखान्याच्या जिन्यात सगळ्यांसमोर: "या सटवीनं घालवलं घर."

१६ एप्रिल, गुरु.

सुनीताताईचा फोन. रडत होती. मी म्हटलं, रडू नका, तुमची काय चूक? तर म्हणाली, "मला ठावं व्हतं गं."

ठावं होतं!

"लग्न झाल्यापासनं भाजतेय मी त्या मुंड्या. मान आण्णांचा, अन् केस जाळत, खरवडत धुरात मी बसायची. हाताचा वास चार दिवस जात नाय, नवरा जवळ येऊ देत नाय. वाटलं, तू नवीन, तुला शिव्या पडतील दोन, अन् एकदा मान मोडला की मुंडी तुमच्याकडंच राहील पुढं. एवढं व्हईल असं नव्हतं वाटलं. माझं नाव नको घेऊ, पल्लवी. जित्ती नाय ठेवायचे मला."

फोन ठेवला. समोर असती तर झिंज्या धरून आपटली असती. खरंच आपटली असती. मग लिंक असलेलं सगळं चॅट पुसलं. का पुसलं माहीत नाही.

२१ एप्रिल, मंगळ.

सचिन घरी. मशीनवर आता ठेवतील की नाही, कुणी बोलत नाही. डाव्या हाताने चमचाही नीट धरता येत नाही त्याला. 'चमच्याने खाता येणारे सोपे पदार्थ' शोधले, तर लहान मुलांची खिमट आली. केली. बाप आणि लेक एकाच पातेल्यातून. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मोबाईल मात्र बेशरम. उघडला की मुंडी. मुंडी फ्राय, मुंडी सूप, मुंडी झटपट.

स.ने ते पाहिलं. "कुणी शिकवलं तुला?"

"मोबाईलने."

"तुला मुंडीतलं काय कळतं? कुणीतरी मुद्दाम सांगितलंय. त्यांच्याच घरातलं कुणीतरी. नाव कळू दे, त्याचा हात खांद्यापासून काढतो."

"मोबाईलने."

डाव्या हाताने कानाखाली मारली. पहिल्यांदाच. तव्यावरचं गरम उलथनं माझ्या हातात होतं, ते मी उगारलं. तो मागे सरला म्हणून वाचला. लागायला हवं होतं असं वाटलं, आत्ताही वाटतंय.

नाव तरीही घेतलं नाही. तिला वाचवतेय की त्याला, समजत नाही.

२७ एप्रिल, सोम.

किरणभाऊ जामिनावर. गावात बैठक झाली. बायका बाहेर. ठरलं ते स.ने सांगितलं: केस मिटवायची, विहिरीची पाइपलाइन आमच्याकडे, आणि समेटाचं बोकड म्हसोबाला, रविवारी. दोन बोटांची पाइपलाइन झाली. स. खूश दिसला, त्याचा जास्त राग आला.

"मुंडी या टायमाला आण्णांकडं," म्हणे. "सुनीतावहिनी तिथंच भाजतील, सगळ्यांसमोर. आणि तू पाया पड आण्णांच्या."

३ मे, रवि.

मळ्यातून, फोनवरच लिहितेय.

पाया पडले. आण्णांनी आशीर्वाद दिला, अष्टपुत्रा. बोकड पडलं. किरणभाऊंनीच तोडलं, स.ने डाव्या हाताने पाय धरले, दोघं हसले.

मुंडी परातीत घालून सुनीताताईपुढे ठेवली. डोळे उघडे. चूल पेटलेली. तिच्या गालावर जुना हिरवट वळ आहे. मी विचारलं नाही. ती परातीकडे बघत बसली आणि हळूच म्हणाली, "नाय भाजणार मी."

"ताई, उगीच आता..."

"नाय भाजणार. इचारलं तर सांगते सगळं. लिंक मीच पाठवली म्हणून सांगते."

"मारून टाकतील तुम्हाला."

"मग तू भाज."

मी परात ओढली. त्या केसांचा वास आला आणि हात मागे घेतला. तिच्या शेजारी खाली बसले.

आण्णांनी हाक मारली, "झालं का गं?" मग किरणभाऊंनी. आता स.चा आवाज, जवळ येतोय: "पल्लवी, काय चाललंय तिथं?"

ताई म्हणतेय, लिही तू, तोवर मी हाय इथं.

सत्तूर किरणभाऊंनी धुवून आमच्याच बाजूला ठेवलाय. मी तो उचलून माझ्या पदराखाली घेतलाय.